स्लाइडची शेपटी

"फुटली म्हनू नका, सिस्टर. वाढली म्हना," पंचफुलाबाई म्हणाली आणि मनगटाकडे न बघता आधी फरशीवरचे हिरव्या बांगडीचे तुकडे वेचायला वाकली.

थूल सिस्टरांना काचेची फिकीर नव्हती. त्यांनी तिचा हात धरून वर केला. मनगटाच्या आतल्या बाजूला सेंटिमीटरभर चीर पडली होती आणि रक्त कोपराकडे ओघळत होतं.

"मोहोड, गॉज आण. पळ. आणि रक्तपेढीला फोन लाव."

स्त्रियांच्या सर्जरी वॉर्डात रविवारी दुपारचे पावणेदोन वाजले होते. मोहोड म्हणजे मी, तेव्हा इंटर्न होते. परीक्षा पास झाले होते, नावामागे डॉक्टर लागलं होतं, पण निम्मी कामं निरोप्याची करत होते. पंचफुलाबाई रासने ही अठरा नंबरच्या खाटेवरची पेशंट. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिची प्लीहा काढायची होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातातलं, गळ्यातलं सगळं उतरवायचं असा नियम होता. पण ती जातीची कासारीण, आठवडी बाजारात बायकांना बांगड्या भरून पोट चालवणारी. साबणाचं पाणी तेवढं द्या, बांगड्या मीच उतरवीन, असं तिने बजावलं होतं. बावीसपैकी एकवीस बांगड्या तिने एकही न वाढवता उतरवल्या. शेवटच्या बांगडीला सिस्टरांचा धीर सुटला आणि त्यांनी ती ओढली, कारण त्यांची ड्यूटी दोनला संपत होती.

जखम एरवी कुणी बघितलीही नसती. पण रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असतात, आणि पंचफुलाबाईच्या त्या सकाळच्या रिपोर्टात सोळा हजार होत्या.

मी गॉज दाबून धरला.

"एवढं काय दाबून राह्यली, पोरी? सोड. थांबते ते."

"मावशी, हात हलवू नका."

"आमच्या धंद्यात रोज काच लागते, बाप्पा. चिमटीत धरलं का झालं."

मला मोजायची खोड होती. मेसमध्ये पोळी फुगायला किती सेकंद लागतात हेही मी कधीतरी मोजलं होतं. गॉज दाबला तेव्हाच नजर घड्याळाकडे गेली होती. अडीच मिनिटांनी मी गॉज उचलला. चीर कोरडी होती.

"देवाची कृपा," सिस्टर म्हणाल्या, आणि पर्स घेऊन निघाल्या.

मी तिथेच उभी राहिले. सोळा हजार आणि अडीच मिनिटं. हे दोन आकडे एकाच बाईचे असणं मला जमत नव्हतं. मी पंचफुलाबाईचे दोन्ही दंड उजेडात धरून बघितले. अकरा दिवस रोज सकाळी मीच तिला सुई टोचत होते. एवढ्या कमी प्लेटलेट्स असलेल्या माणसाच्या अंगावर प्रत्येक टोचण्याचा निळा डाग पडतो. इथे एकही नव्हता.

"मावशी, कधी हिरड्यांतून रक्त? नाकातून? पाळीत जास्त जातं?"

"आतापावतो दहा डॉक्टरांनी हेच इचारलं. मी नाई म्हनते, ते लिहून घेतात अन् गोळ्या वाढवतात."

सात महिन्यांपूर्वी तिला ताप आला होता. गावातून रक्त एस.टी.ने जिल्ह्याच्या लॅबला गेलं आणि प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार आल्या. ताप चार दिवसांत गेला, आकडा मात्र वर आलाच नाही. आपलंच शरीर आपल्या प्लेटलेट्स मारतं असा एक आजार आहे. त्याचं नाव तिच्या फायलीवर लागलं. मग स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, आकडा तसाच. कमरेच्या हाडात जाड सुई घालून अस्थिमज्जा तपासायला काढली. त्यात वावगं काही दिसलं नाही. आता शेवटचा उपाय म्हणून, प्लेटलेट्स जिथे मारल्या जातात ती प्लीहाच काढायची.

मी तिचा दंड सोडला तर तिने माझं मनगट धरलं आणि धंदेवाईक नजरेने वर-खाली फिरवलं.

"हात मोकळा काहून?"

"ऑपरेशनवाल्यांना बांगड्या चालत नाहीत. मला सर्जन व्हायचंय."

"सव्वादोनचं माप लागन तुले."

"मोजलं तर नाही तुम्ही."

"मोजाचं काय त्यात? डोयांनं पाह्यलं का समजते."

सर्जन व्हायचंय हे मी उगीच म्हटलं नव्हतं. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत मला सर्जरी सहज मिळेल एवढा क्रमांक आला होता. कुठली शाखा पहिली, कुठली दुसरी हे पर्याय गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन भरायचे होते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. आमचे सर्जरीचे विभागप्रमुख डॉ. वऱ्हाडपांडे यांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "सोमवारच्या प्लीहेला मोहोड माझी दुसरी असिस्टंट." इंटर्नला टेबलाजवळ उभं राहायला मिळणं हीच मोठी गोष्ट. मी तीन दिवस बसून सगळं वाचून काढलं होतं. प्लीहेच्या रक्तवाहिन्या झोपेतही कागदावर काढता आल्या असत्या.

तळमजल्यावरच्या लॅबकडे जाताना मी जिन्यात थांबले. रिपोर्टात चूक निघाली तर उद्याची केस जाणार होती. चूक नाही निघाली तर रविवारी दुपारी नसती उठाठेव करणारी इंटर्न म्हणून नाव होणार होतं. मी दोन्ही शक्यता नीट मांडून बघितल्या, आणि तरी पाय खालीच गेले.

लॅबमध्ये पॅथॉलॉजीच्या डॉ. गुल्हाने मॅडम एकट्या बसल्या होत्या. रविवारी शांतता असते म्हणून त्या विद्यार्थ्यांसाठी स्लाइडी निवडायला येत. बारीक चणीची बाई, केसांत पेन खोचलेलं. बोलताना डोळा मायक्रोस्कोपवरून क्वचितच हलायचा.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"रक्त थांबलं म्हणतेस. किती वेळात?"

"अडीच मिनिटं."

"अंदाजे?"

"घड्याळ लावलं होतं, मॅडम."

आता त्यांनी मान वर केली. उठल्या, सकाळच्या ट्रेमधून एक स्लाइड काढली आणि स्वतःची खुर्ची मला दिली.

"बघ. काय दिसतंय?"

काचेवर रक्ताचा एक थेंब ओढून पातळ पसरवलेला असतो. सुरुवातीला जाड, मध्ये सारखा, आणि शेवटी विरत गेलेला. मी मध्ये बघितलं. लाल पेशी, तुरळक पांढऱ्या पेशी. प्लेटलेट्सचे जांभळे ठिपके जवळजवळ नव्हतेच.

"कमी आहेत, मॅडम. खरंच कमी आहेत."

"कुठे बघतेयस?"

"मध्ये. शिकवलंय तसं."

"सगळे मध्येच बघतात. माझ्या रेसिडेंटनेही मध्येच बघितलं. मशीनचा आकडा आधी वाचला, मग स्लाइड बघितली, आणि सही केली. शेपटीला जा."

मी स्लाइड हळूहळू सरकवत शेवटच्या विरत्या कडेपर्यंत नेली. लाल पेशी विरळ झाल्या, मग संपत आल्या. आणि तिथे, अगदी काठावर, प्लेटलेट्स होत्या. सुट्या नव्हेत. राजगिऱ्याचा लाडू फुटून ढेकळं पडावीत तशी त्यांची ढेकळं पडली होती. एकेका ढेकळात चाळीस-पन्नास. ओळीने पुढे तशीच ढेकळं.

मी डोळा काढला आणि पुन्हा लावला.

"रक्त पसरवताना जड वस्तू ओढली जाते आणि काठाला जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "मशीन एकेक कण मोजतं. पन्नासांचं ढेकूळ त्याला प्लेटलेट वाटतच नाही. ते सोडून देतं."

"पण ढेकूळ होतंच का?"

रक्त घ्यायच्या छोट्या नळ्यांना आमच्याकडे बल्ब म्हणत. मॅडमनी जांभळ्या झाकणाचा एक बल्ब माझ्यासमोर धरला.

"रक्त गोठू नये म्हणून यात एक औषध असतं. हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात काहीतरी असं असतं की या औषधाशी गाठ पडली की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त बल्बमध्ये. जितका वेळ ठेवाल तितक्या जास्त." त्या थांबल्या. "रक्त किती वाजता घेतेस?"

"सहाला."

"इथे येतं कधी?"

आमची पद्धत अशी होती की सकाळी सहाला सगळ्या वॉर्डाचं रक्त काढून बल्ब एका ट्रेमध्ये लावून ठेवायचे. मग सरांचा राउंड. मग ड्रेसिंग. मग चहा. आणि मग कुणीतरी एक इंटर्न तो ट्रे घेऊन खाली जायचा. एकेका पेशंटसाठी चार मजले कोण उतरणार? अकरा दिवस तो ट्रे मीच नेत होते. अकरा वाजता.

"अकराला," मी म्हणाले.

"म्हणजे पाच तास." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आणि एस.टी.ने आलेलं रक्त त्याहून जास्त. अर्थात, ही आपली समजूत झाली. सिद्ध कसं करशील?"

मी पेन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी उत्तर न विचारता कृती विचारली होती.

"तिचं रक्त दोन बल्बमध्ये घेईन. एक जांभळा, एक निळा. निळ्यातलं औषध वेगळं आहे. दोन्ही लगेच मशीनवर लावायचे. मग जांभळा इथेच ठेवायचा आणि दर तासाला मोजायचा. पाच तास."

"आणि मशीनच बिघडलेलं असेल तर?"

"तर... निरोगी माणसाचं रक्त शेजारी ठेवायचं. त्याच जांभळ्या बल्बमध्ये."

"कुणाचं?"

मी बाही वर सरकवली.

मॅडमनी माझं रक्त काढलं आणि मी चार मजले चढून वर गेले. पंचफुलाबाई उतरवलेल्या बांगड्या पदरात घेऊन मापाप्रमाणे लावत बसली होती.

"सकाळीच तर काढलं होतं, पोरी. वाढीव घेऊन राह्यली का?"

"हे शेवटचं, मावशी."

"तूच म्हनते शेवटचं. तुम्हा लोकाईचं शेवटचं कधी शेवटचं नसते."

तीन वाजून दहा मिनिटांनी मी सुई काढली आणि दोन्ही बल्ब मुठीत धरून पळत खाली आले. तीन-वीसला जांभळ्या बल्बचा आकडा आला: एक लाख अठ्ठेचाळीस हजार. निळ्याचा एक लाख सत्त्याण्णव हजार. निळ्या बल्बमधलं पातळ औषध रक्तात मिसळतं म्हणून आकड्याला एक दशांश जोडायचा, असं मॅडमनी सांगितलं. दोन लाख सतरा हजार. पंचफुलाबाईच्या सात महिन्यांच्या फायलीत एवढा आकडा कुठेच नव्हता.

"आता बस," मॅडम म्हणाल्या. "घाईने नाचू नको."

आम्ही बसलो. चार वाजता जांभळ्या बल्बमध्ये ब्याण्णव हजार. पाचला पंचावन्न. प्रत्येक आकड्यागणिक मी एक स्लाइड ओढत होते आणि शेपटीला ढेकळं वाढताना बघत होते. माझा बल्ब दोन लाख साठ हजारांवर मख्खपणे बसून होता. लॅबच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी आलेख काढत होते. सहाला चौतीस, सातला तेवीस. मॅडमनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली आणि विचारलं, "कुठली ब्रँच घेणार?"

"सर्जरी."

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

आठ वाजून दहा मिनिटांनी मशीनने शेवटचा आकडा छापला. सतरा हजार.

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. पाच तासांपूर्वी निरोगी असलेल्या रक्तात मी लॅबच्या टेबलावर, कुणालाही हात न लावता, पंचफुलाबाईचा आजार तयार केला होता.

"वऱ्हाडपांडे सरांना तुम्ही सांगाल ना, मॅडम?"

"तू सांगायचंस. घड्याळ तू लावलं होतंस. मी सकाळी साडेसातला इथे येऊन बसते. त्यांना खाली घेऊन ये."

"ते येतील?"

"चौदा वर्षांत आलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि केसांतलं पेन काढून माझ्या आलेखाखाली सही केली.

सर नागपूरला लग्नाला गेले होते, फोन बंद होता. त्यांच्या रजिस्ट्रारला सांगितलं तर तो म्हणाला, "इंटर्नने केस रद्द करायची? सकाळी सरांना तूच सांग. आणि माझं नाव घेऊ नकोस."

सोमवारी साडेसातला पंचफुलाबाई ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ट्रॉलीवर होती. अंगात हिरवा गाऊन, दोन्ही हात मोकळे. शेजारी रक्तपेढीतून आणलेल्या प्लेटलेट्सच्या पिवळ्या पिशव्या. सर कपडे बदलून बाहेर आले. उंच, गंभीर माणूस. आवाज कधी चढायचा नाही आणि म्हणूनच सगळे भ्यायचे.

"मोहोड, हात धुतलेस?"

"नाही, सर."

"का?"

"ही केस करायला नको, सर."

रजिस्ट्रार भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागला. सरांनी हात पुढे केला. मी आलेख दिला. ते उभ्या उभ्या वाचत राहिले.

"ही खाली घसरणारी रेघ?"

"पंचफुलाबाई. जांभळा बल्ब. दर तासाला."

"आणि ही वरची, सरळ?"

"ती मी, सर."

"तू?"

"तुलनेसाठी."

सरांनी कागदावरून माझ्याकडे बघितलं. "तुला सर्जरी हवी आहे ना?"

"हो, सर."

"आज तुला टेबलाशी उभं राहायला मिळणार होतं."

"हो, सर."

"निळ्या बल्बचा आकडा एकच आहे. एका आकड्यावर मी केस रद्द करू?"

"नको, सर. आता पुन्हा घेऊ. तुमच्यासमोर. पंधरा मिनिटं लागतील."

"तेवढा वेळ टेबल अडून राहील."

"प्लीहा काढली की परत बसवता येत नाही, सर."

मग सर ट्रॉलीकडे वळले आणि म्हणाले, "सिरिंज द्या." रक्त त्यांनी स्वतः काढलं.

"अगा माय," पंचफुलाबाई म्हणाली. "मोठे डॉक्टर बी रक्तच काढून राह्यले. मंग कापाले काय उरन?"

दोन्ही बल्ब सरांनी स्वतःच्या हातात घेतले. थिएटरच्या चपला घालून ते चार मजले उतरले, मी मागे. लॅबच्या दारात गुल्हाने मॅडम उभ्या होत्या.

"या, सर. वाट बघतच होते."

"तुमची लिफ्ट बंद आहे," सर म्हणाले.

"चौदा वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या.

मशीनने निळ्या बल्बचा आकडा छापला. एक दशांश जोडून दोन लाख चार हजार. सरांनी कागद टेबलावर ठेवला, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मशीनवर विसंबूनच तर सगळं घडलं होतं. मी रविवार सकाळच्या जुन्या ट्रेमधली स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. सर वाकले.

"काही नाही इथे."

"मध्ये बघू नका, सर. शेपटीला या. उजवीकडे सरकवा. अजून. अजून थोडं."

स्लाइड सरकवणारी बोटं थांबली. ज्या हातांकडे सहा महिने मी टक लावून बघत होते ते हात माझ्या सांगण्यावरून हलत होते आणि आता अगदी स्थिर झाले होते. सर बराच वेळ वाकून राहिले.

"सात महिने," ते शेवटी म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"या स्लाइडीवर सही माझ्या खात्याची आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

"आणि ते ऑपरेशन माझ्या यादीत आहे," सर म्हणाले.

आम्ही वर गेलो. सर ट्रॉलीशेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना पेशंटजवळ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पंचफुलाबाई, तुम्हाला हा आजार नाही."

"मंग कोनाले हाय?"

"कुणालाच नाही. मोजण्यात आमची चूक झाली."

ती उठून बसली. "सात महिने?"

"सात महिने."

तिने सुजलेल्या गालांवरून दोन्ही हात फिरवले. "तोंडाचा पार भोपया झाला माह्या. बाजारात बाया म्हनतात, पंचफुला सुखावली. कमरेत सुई खुपसली तवा मी लेकीचं नाव घेऊन वरडली होती. अन् आता म्हनता काई नव्हतंच."

सरांनी पळवाट शोधली नाही, ही त्यांची थोरवी मला तेव्हा पुरती कळली नव्हती.

"कबूल केलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आता कागदावर लिहून द्या. नाई तर उद्या ताप आला का दुसरा डॉक्टर मले पुन्हा धरन."

सरांनी तिच्या कार्डावर लाल शाईने, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलं: 'हिच्या प्लेटलेट्स जांभळ्या बल्बमध्ये मोजू नयेत. निळा बल्ब वापरावा.' खाली सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"तूही कर. शोध तुझा आहे."

मी सही केली. पंचफुलाबाईने कार्ड उजेडात धरून दोन्ही सह्या बघितल्या आणि मला म्हणाली, "काल भूत लागल्यावानी जिना चढून राह्यली होती, ते याच्यासाठी होय?"

मंगळवारपासून आमच्या वॉर्डाचं रक्त साडेसहाच्या आत खाली जायला लागलं. चहा नंतर.

स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही, डोस उतरवत आणावा लागतो. ते वेळापत्रक ठरवून, साखर बघून तिला गुरुवारी दुपारी सोडायचं ठरलं. बुधवारी सरांनी मला बोलावून घेतलं. "तुझी केस गेली. शुक्रवारी दुसरी आहे. ये." आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, "सर्जन चांगली होशील तू. हे मी फार कमी जणांना म्हणतो." मला तेव्हा आनंदच झाला. रात्री पर्यायांच्या यादीत मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ओळ कोरीच ठेवून झोपले.

गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, विद्यापीठाकडून एक प्रश्नावली आली. नवे डॉक्टर शाखा कशी निवडतात आणि प्रशिक्षणाबद्दल किती समाधानी आहेत, याची पाहणी. माझ्याकडे शिकणाऱ्या रेसिडेंट मुली ती भरताना हसत होत्या. कारणांचे चारच चौकोन होते: गुणानुक्रम, पालकांची इच्छा, उत्पन्न, कामाचे तास. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही यातलं कशावर खूण केली असती?" मी चारही चौकोन वाचले. त्यांतल्या एकातही तो गुरुवार बसत नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी दोनला मी तिच्या सुटीचे कागद घेऊन गेले. पंचफुलाबाई लुगडं नेसून, पिशवी बांधून तयार होती. हातात बावीसच्या बावीस बांगड्या. एक वाढली होती तिच्या जागी लेकीने नवी आणली होती. लेक बाहेर रिक्षा बघायला गेली होती.

"बस अठी," ती म्हणाली, आणि खाटेखालून साबणाच्या पाण्याची वाटी काढली. पदरातून हिरव्या बांगड्यांचा दोऱ्यात ओवलेला एक गुंडा.

"मावशी, घेता येणार नाही मला."

"तुले कोन देऊन राह्यलं? भरून देते. कासारनीच्या दारातून मोकया हातानं जाऊ नये."

ती माझ्यापेक्षा जोरकस होती. माझा डावा हात तिने मांडीवर घेतला, अंगठा तळव्यात दाबला, बोटं जुळवली. हाडांची रचना मला पुस्तकात पाठ होती. तिला हातात पाठ होती. एकेक बांगडी सांध्यावरून अशी उतरली की दुखलं नाही. मनगटावर येऊन बसली तेव्हा ना सैल, ना घट्ट.

"सव्वादोन," मी म्हणाले.

"सांगतलं होतं नं." तिने सहा बांगड्या भरल्या आणि थांबली. माझा उजवा हात माझ्याच मांडीवर होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पन तू तर म्हने ऑपरेशनवाल्याईले चालत नाईत. सुट्टी झाली का काढशीन अन् टाकशीन खिशात."

पर्याय भरायची मुदत पाचची; अजून तीन तास होते. खाली लॅबमध्ये सकाळचे ट्रे आले असतील, मशीनने आकडे छापले असतील, आणि त्यांतल्या कुठल्यातरी स्लाइडीची शेपटी अजून कुणी बघितली नसेल.

"मायक्रोस्कोपला चालतात, मावशी," मी म्हणाले, आणि उजवा हात पुढे केला.